गच्चीवरच्या पाण्याचा जमाखर्च

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले, हे तुम्ही घरी ऐकले असेल. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली; तिच्या एका खेपेत सुमारे २५ लाख लिटर पाणी येई.

आता थोडे गणित करू. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, की बरोबर १ लिटर पाणी होते. लातूरचा वर्षाचा पाऊस ८०० मिलिमीटर धरा. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ८०,००० लिटर पाणी पडेल. पाचवा हिस्सा बाष्प होण्यात आणि गच्ची धुण्यात गेला, तरी ६४,००० लिटर उरते. म्हणजे अशा चाळीस गच्च्यांचे पाणी त्या एका गाडीएवढे!

पण थांबा. पाऊस पडतो जून ते सप्टेंबर, आणि टंचाई असते एप्रिलमध्ये. एवढे पाणी साठवायला ४ मीटर लांब, ४ मीटर रुंद व ४ मीटर खोल टाकी लागेल. ती बांधणे किती घरांना परवडेल?

त्यापेक्षा शोषखड्डा स्वस्त. दगडगोटे, खडी, वर वाळू, कडेने गवत किंवा कर्दळ. मात्र येथे जमाखर्चाची गंमत होते. मुरलेले पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून वाट काढते आणि कदाचित शेजारच्या बोअरमध्ये उतरते. खर्च तुमचा, लाभ शेजाऱ्याचा! शिवाय तुमच्या गच्चीचे पाणी रस्त्यावर न गेल्यामुळे नांदेडसारख्या शहरातील सखल गल्लीत कमी तुंबते, तो लाभही दुसऱ्याच्याच घरी. म्हणून हा हिशेब एका घराचा न मांडता सगळ्या गल्लीचा मांडावा, असे मला वाटते. घराच्या वहीत जो तोटा दिसतो, तो गल्लीच्या वहीत नफा ठरू शकतो.

आणखी एक अडचण आपल्या काळ्या मातीची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भिजली की ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरच साचते. म्हणून खड्डा काळी माती ओलांडून मुरुमापर्यंत न्यावा लागतो. माती जितकी जाड, तितकी खोदाई महाग.

तुमच्या अंगणात काय आहे? दोन्ही तोंडे कापलेला एक डबा जमिनीत चार बोटे रोवा. आधी माती चांगली भिजू द्या. मग डबा भरा आणि पाणी १ सेंटिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात ते घड्याळावर पाहा. हाच प्रयोग मुरुमावर करून दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा.