शोकात असलेल्या श्रद्धावंतांसाठी

ख्रिस्ताच्या ठायी चिरकाल टिकणारी शांती लाभते, ही साक्ष मी आज निःशंक मनाने देत आहे. परंतु त्याच शांतीच्या नावाने शोकग्रस्त माणसाच्या अंतःकरणावर आपल्या मंडळ्यांतून कधीकधी, सद्धेतूने का होईना, जो जुलूम होतो, त्याविषयी नव्या श्रद्धावंतांस वेळीच सावध करणे हा या लेखनाचा मुख्य उद्देश आहे.

अहमदनगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मामलेदार कचेरीत मी कारकून असताना माझी पत्नी विषमज्वराने निवर्तली. दफनविधीनंतर फार काळ लोटला नव्हता, तोच एका वडीलधाऱ्या बंधूंनी प्रार्थनासभेनंतर मला बाजूला घेऊन सांगितले, की अश्रू हे अविश्वासाचे चिन्ह होय, आणि माझी श्रद्धा पक्की असती तर एव्हाना मन शांत झाले असते. तेव्हापासून कचेरीत दप्तर चाळताना आणि रविवारी उपासनेत बसताना मी मुद्रा प्रसन्न ठेवू लागलो. रात्रीची झोप मात्र उडाली, आणि गुडघे टेकले तरी शब्द फुटेना, कारण जे दुःख अंतःकरणात काठोकाठ भरले होते, तेच देवापुढे नेण्यास मला जणू मज्जाव झाला होता.

यातून मला सोडवले आमच्या वृद्ध पाळकसाहेबांनी. त्यांनी योहानकृत शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला. लाजराला आपण उठवणार हे पक्के ठाऊक असूनही प्रभू त्याच्या कबरेकडे जाताना रडला, हे मी पूर्वीही वाचले होते. परंतु पुनरुत्थान ज्याच्या हाती आहे त्यालाही शोक वर्ज्य नव्हता, हे त्या दिवशी उमगले. पौलानेही थेस्सलनीकाकरांना लिहिताना शोकास मनाई केलेली नाही. आशाहीनांसारखा शोक करू नये, एवढेच त्याचे सांगणे आहे.

पंडिता रमाबाईंचे चरित्र या संदर्भात प्रत्येकाने अवश्य वाचावे. 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, अशी अतृप्ती पुढे कित्येक वर्षे त्यांच्या मनात राहिली, आणि आपल्या साक्षीत त्यांनी ती लपवली नाही. दुष्काळात आईवडील, मागाहून भाऊ आणि पती यांना मुकलेल्या त्या विदुषीला शांती लाभली, तरी दुःखांनी तिचे दार सोडले नाही. 1921 साली मनोरमा ही एकुलती एक कन्याही गेली. परंतु केडगावी पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम रमाबाईंनी 1922 मधील आपल्या मृत्यूपर्यंत सोडले नाही. शांती म्हणजे काय हे मला तेथे दिसते: शोक नाहीसा होत नाही, पण तो माणसाला देवापासून तोडू शकत नाही.

म्हणून ज्याच्या घरी मृत्यू येऊन गेला आहे, त्याने दररोज एखादे स्तोत्र, विशेषतः विलापाचे, सावकाश व मोठ्याने वाचावे; स्तोत्रसंहितेत देवाला उघड जाब विचारणारी स्तोत्रे पुष्कळ आहेत, आणि ती शास्त्रात आहेत त्याअर्थी तशी प्रार्थना करण्याची आपणांस मुभा आहे. प्रार्थना सुचत नसेल तर स्वस्थ बसावे. उद्दीपन सभेतील गायनाने अंतःकरण उचंबळून आले तर आनंद मानावा, परंतु सोमवारी ते ओसरले म्हणून स्वतःस अविश्वासी ठरवू नये. विश्वासू अशा एका तरी माणसापाशी मन मोकळे करावे. आणि निद्रानाश जडल्यास डॉक्टरकडे जावे, त्यात श्रद्धेला कमीपणा मुळीच नाही. माझी शांती अशीच, अगदी हळूहळू आली. पत्नीची आठवण आजही डोळ्यांत पाणी आणते, आणि त्या पाण्यासकट मी प्रार्थना करतो.

मंडळीतील वडीलजनांना माझी हात जोडून विनंती आहे, की शोकाच्या घरी गेल्यावर वचने सांगण्याची घाई करू नका; रडणाऱ्याजवळ बसा, आणि त्याला रडू द्या.