वनातील लोहमार्ग आणि ‘क्लायमॅक्स’ इंजिन

अरण्यातील वृक्ष तोडणे कष्टाचे खरेच. परंतु तोडलेला ओंडका बाजारपेठेपर्यंत पोहोचविणे त्याहूनही दुष्कर असते. डांगच्या जंगलातील सागवान बाहेर आणता यावे याकरिता बडोदा संस्थानाने बिलिमोरा ते वघई हा ६३ किलोमीटरचा अरुंदमापी लोहमार्ग बांधला, हे बडोद्याकडील वाचकांस नव्याने सांगावयास नको. त्या मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर आहे. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे याच मापाची होती. आणि नेमके हेच माप ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने आपल्या डोंगराळ प्रदेशांतील लहान मार्गांकरिता पसंत केले. तेथील अशाच एका मार्गावरील एक इंजिन आजही जतन करून ठेवलेले आहे. त्याचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

या इंजिनास ‘क्लायमॅक्स १६९४’ असे म्हणतात. १६९४ हा कारखान्याचा अनुक्रमांक आहे, सन नव्हे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात कॉरी नावाचे गाव आहे. तेथील क्लायमॅक्स कंपनीने हे इंजिन १९२८ मध्ये तयार केले. व्हिक्टोरियाच्या वन आयोगाने ते टायर्स खोऱ्यातील आपल्या ट्रामवेसाठी विकत घेतले. हा मार्ग एरिका गावानजीकच्या कॉलिन्स सायडिंगपासून दाट जंगलात जात असे. खोऱ्यातील करवत गिरण्यांमध्ये चिरलेले लाकूड त्यावरून बाहेर येई.

येथे साधे इंजिन का चालले नसते, हे समजून घेण्यासारखे आहे. नेहमीच्या वाफेच्या इंजिनात दट्ट्याचा जोर दांड्यांच्या साहाय्याने थेट चाकांना मिळतो, आणि ती चाके एका ताठ चौकटीत बसविलेली असतात. सपाट व भक्कम मार्गावर हे उत्तम. वनातील मार्ग मात्र घाईने टाकलेला, वेडावाकडा आणि तीव्र चढणीचा असे. कित्येक ठिकाणी तर रूळही लाकडाचेच असत. अशा जागी ताठ चौकटीचे इंजिन वळणावर घसरते आणि चढणीवर त्याची चाके नुसतीच फिरत राहतात. क्लायमॅक्सच्या रचनेत बाष्पकाच्या दोन्ही अंगांस तिरपे बसविलेले सिलिंडर एक आडवा दंड फिरवितात. दंतचक्रांच्या योगे ती गती इंजिनाच्या पोटाखालून जाणाऱ्या लांब दंडास आणि तेथून पुन्हा दंतचक्रांनी प्रत्येक आसास मिळते. एकही चाक रिकामे ओझे वाहत नाही. इंजिनाचे सारे वजन रूळ पकडण्याच्या कामी येते. चाकांचे गाडे पुढेमागे स्वतंत्र वळत असल्याने बाक घेणेही सुलभ होते. मात्र दट्ट्याच्या अनेक खेपा होतात तेव्हा कोठे चाकाची एक फेरी पुरी होते. त्यामुळे आवाजावरून गाडी भरधाव येत आहे असा भास व्हावा, आणि प्रत्यक्षात ती माणसाच्या धावण्याएवढ्याच वेगाने यावी, असा प्रकार घडतो. शाळेतील मुलांस दंतचक्रांचे कार्य शिकविताना याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

परंतु या मार्गांचा इतिहास केवळ यंत्राचा नाही. ज्या लाकडासाठी ते टाकले गेले त्यात माउंटन ॲश हा वृक्ष प्रमुख होता. आपल्याकडे परिचित असलेल्या निलगिरीच्याच कुळातील हा वृक्ष नव्वद मीटरपर्यंत वाढू शकतो. त्या काळी गिरण्या जंगलाच्या गाभ्यातच असत. गिरणीभोवती कामगारांची घरे उभी राहत, बायकामुले तेथेच नांदत, आणि बाहेरच्या जगाशी अनेकदा त्या ट्रामवेखेरीज दुसरी वाट नसे. मार्गावरील पूल लाकडाचे, स्लीपर लाकडाचे, वखारीत लाकडाचेच ढीग.

१३ जानेवारी १९३९ रोजी, दीर्घ अवर्षण आणि भाजून काढणारे वारे यांच्या संयोगाने व्हिक्टोरियात महाभयंकर वणवा पसरला. त्या आगीच्या थैमानात एकंदर ७१ माणसे दगावली, सुमारे २० लाख हेक्टर प्रदेश होरपळला आणि ६९ गिरण्या भस्मसात झाल्या. नूजी हे गाव जवळजवळ नाहीसे झाले. तेथील लोहमार्गाचे लाकडी पूलही जळाले. वाटच पेटल्यावर माणसाने पळावे कोणीकडे? चौकशीसाठी न्यायाधीश स्ट्रेटन यांचा आयोग नेमण्यात आला. आगी मुख्यत्वे माणसाच्या हातूनच लागल्या, असा त्याचा निष्कर्ष होता. अनेक गिरण्यांवर जीव वाचविण्यासाठी जमिनीत खोदलेली आश्रयस्थानेही नव्हती, हेही उघड झाले. हा निष्काळजीपणा खर्च वाचविण्यातून आलेला होता, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. त्यानंतर गिरण्या हळूहळू गावांकडे हलविल्या गेल्या. जंगलात मोटाररस्ते आले, आणि लाकूड मालमोटारींतून वाहिले जाऊ लागले. टायर्स खोऱ्यातील क्लायमॅक्सचे काम १९४९ च्या सुमारास संपले.

पुढे हे इंजिन मेलबर्नजवळच्या ‘पफिंग बिली’ या डोंगरी मार्गाच्या संग्रहालयात आले. तो मार्गही ७६२ मिलिमीटरचाच. १९५३ मध्ये दरड कोसळून तो बंद पडला. मोडीत निघण्याची वेळ आली तेव्हा १९५५ मध्ये नागरिकांनी संस्था स्थापन केली आणि १९६२ पासून तो टप्प्याटप्प्याने पुन्हा चालू केला. गाड्या चालविणे, तेलपाणी आणि दुरुस्ती या कामांत स्वयंसेवकांचा वाटा मोठा आहे. अशाच हातांनी क्लायमॅक्सलाही पुन्हा वाफेवर आणले.

नूजीचा एक पूल वणव्यानंतर लाकडातच नव्याने बांधला गेला. लोहमार्ग उठून गेला तरी तो सुमारे २१ मीटर उंचीचा सांगाडा जागेवर आहे, आणि लोक त्यावरून पायी जातात. इतरत्र जंगलात तुळया कुजल्या, रूळ उचलले गेले; नेचांच्या गर्दीत मार्गाची सपाट पट्टी तेवढी ओळखू येते. माउंटन ॲशचे बी वणव्यानंतरच्या राखेत जोमाने रुजते. म्हणून या डोंगरांतील कित्येक ठिकाणी आज उभे असलेले उंच वृक्ष एकाच वयाचे आहेत, आणि त्यांचा जन्म १९३९ नंतरचा आहे.