धुतलेली गाडी कोरडी कशी करावी

दसऱ्याला सकाळी गावातून एक चक्कर मारा. दारोदार गाड्या धुण्याची गडबड दिसते. कुणाची जीप, कुणाचा टेंपो, कुणाची मोटारसायकल. बादल्यांवर बादल्या ओतल्या जातात. फेस होतो. पोरे ओलीचिंब होतात. मग गाडीला झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचा, की झाले. ओली गाडी तशीच उन्हात उभी राहते. "वाळेल की उन्हानं," असे आपण म्हणतो.

ती वाळते, हे खरे. पण वाळताना पाणी मागे काय ठेवून जाते, ते आज पाहू.

गाडी ही आता नुसती हौसेची वस्तू राहिलेली नाही. वडाप करणाऱ्याचे घर जीपवर चालते. दूध पोचवणाऱ्याचा संसार टेंपोवर चालतो. गाडी कर्जाने घेतलेली असते. हप्ता दर महिन्याला भरावा लागतो. कर्ज फिटायच्या आधीच दाराचा पत्रा सडला, तर बँक काही हप्ता कमी करत नाही. म्हणून ही गोष्ट लहान असली तरी समजून घ्यावी.

अंघोळीचे पाणी तापवायचा बंब तुम्ही आतून पाहिला असेल. त्याला पांढरी पुटे धरतात. चाकूने खरवडली तरी लवकर निघत नाहीत. ती कुठून आली? पाण्यातूनच आली. जमिनीत मुरलेले पाणी खडकातले क्षार आपल्यात विरघळवून घेते. चुन्याच्या जातीचे क्षार त्यात असतात. अशा पाण्याला आपण जड पाणी म्हणतो. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. बऱ्याच गावांत बोअरचे पाणी असेच असते.

पाण्याची वाफ होते. क्षाराची होत नाही. गाडीच्या पत्र्यावर थेंब वाळला, की त्याच्या जागी पांढरे गोल कडे उरते. तेच हे डाग. काळ्या नाहीतर गडद रंगाच्या गाडीवर ते लांबून दिसतात.

थोडा हिशेब करू. पिण्याच्या पाण्यात असे क्षार लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतील, असे आपल्या देशाचे मानक सांगते. आपण ६०० धरू. बादली १५ लिटरची. १५ गुणिले ६०० म्हणजे ९००० मिलिग्रॅम. म्हणजे ९ ग्रॅम. एका बादलीत ९ ग्रॅम क्षार! चार बादल्यांत ३६ ग्रॅम. बहुतेक पाणी जमिनीवर वाहून जाते, म्हणून बरे. पण जे थेंब गाडीच्या अंगावर राहतात, त्यांतला क्षार अंगावरच राहणार.

इथे एक इशारा द्यायला हवा. पुष्कळ गावांत आता पाणी शुद्ध करायचे यंत्र बसले आहे. त्या यंत्रातून एका नळीने गोड पाणी येते आणि दुसऱ्या नळीने टाकाऊ पाणी बाहेर पडते. ते फुकट मिळते म्हणून लोक गाड्या धुवायला नेतात. त्या टाकाऊ पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. चिखल काढायला ते वापरा हवे तर. पण शेवटचे पाणी त्याचे नको. याच्या उलट पावसाचे पाणी. त्यात हे क्षार जवळजवळ नसतातच. पत्र्याच्या छपराची पन्हळ असेल तर पहिल्या एकदोन सरींचे मळके पाणी जाऊ द्यावे, आणि मग एक पिंप भरून ठेवावे. शेवटची बादली त्या पाण्याची वापरली, तर डाग फारसे उरत नाहीत.

आता ऊन. उन्हात पत्रा तापतो. तापलेल्या पत्र्यावर पाणी इतक्या लवकर वाळते, की तुम्ही टपापासून दारापर्यंत पुसत येता तोवर दाराचे डाग तयार झालेले असतात. म्हणून गाडी सावलीत धुवावी. सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर धुवावी. प्रवासातून आल्या आल्या धुवू नये. आधी पत्रा आणि इंजिन निवू द्यावे.

पुसण्याआधीचे एक काम बहुतेकांना ठाऊक नसते. शेवटचे पाणी फवाऱ्याने मारू नये आणि बादलीने फेकूही नये. नळीच्या तोंडावरचे बोट काढावे. पाणी मंद सोडावे आणि टपावरून सावकाश फिरवावे. नळी नसेल तर तांब्याने ओतावे. पाण्याचा एकसंध पदर खाली उतरतो आणि अंगावरचे सुटे थेंब आपल्याबरोबर घेऊन जातो. फवारा मारला, की उलट हजार थेंब नव्याने बसतात. ही युक्ती फुकटची आहे, आणि पुसायचे निम्मे काम तीच करते.

मग फडके. आपल्याकडे हाताला येईल त्या चिंधीने गाडी पुसतात. गोणपाटाने पुसताना तर मी रोज बघतो. गोणपाट खरखरीत. त्याने रंगावर बारीक चरे पडतात. नायलॉनची जुनी साडी मऊ लागते, पण ती पाणी पीत नाही, नुसते इकडचे तिकडे सारते. जुन्या सदऱ्याला बटणे असतात, ती आधी काढावीत. पुष्कळदा धुतलेले सुती धोतर किंवा लोकरीसारखे धागे वर असलेला टॉवेल चांगला. तो पाणी पितो.

बाजारात हल्ली मायक्रोफायबर नावाचे फडके मिळते. हा धागा कारखान्यात बनतो आणि आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक असतो. समईची वात तेल कशी वर ओढते? धाग्याधाग्यांमधल्या बारीक फटींतून. तसेच हे फडके पाणी ओढते. धागा जितका बारीक, तितक्या फटी जास्त.

आणखी एक कातड्याचे फडके असते. त्याला शामॉय म्हणतात. शामॉय हा युरोपातल्या डोंगरांत राहणारा बकऱ्यासारखा प्राणी. पूर्वी त्याचे कातडे वापरीत. आता बहुधा मेंढीचे असते. त्यासारखेच नकली फडके प्लॅस्टिकच्या नळकांड्यात घालून विकतात. ते वाळले की पापडासारखे कडक होते. नवशिका माणूस म्हणतो, दुकानदाराने फसवले. तसे नाही. आधी पाण्यात भिजवायचे, मऊ झाले की घट्ट पिळायचे आणि मग पुसायचे. ओल्या फडक्याने पाणी कसे निघते, असे विचाराल, तर घरात फरशी पुसताना पाहा. पिळलेले फडकेच पाणी टिपते.

पुसताना घासू नये. फडके पत्र्यावर पसरावे आणि अलगद आपल्याकडे ओढावे. जोर लावू नये. वरून खाली यावे. आधी टप, मग काचा, मग बॉनेट, मग दारे. चाके आणि खालचा भाग सगळ्यांत शेवटी, आणि तोही वेगळ्या फडक्याने. खालच्या भागात वाळूचे कण असतात. वाळूचा कण रंगापेक्षा कठीण. तो एकदा फडक्यात अडकला, की फडक्याची कानस होते. त्याच कारणाने जमिनीवर पडलेले फडके धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावू नये.

पंक्चरच्या दुकानाजवळ गाडी धूत असाल तर हवेचा उपयोग करून घ्या. आरसा, दाराची मूठ, दिव्याची कड, चाकाचे नट, इथे फडके पोचत नाही. दोन फुटांवरून हवा मारली की दडलेले पाणी बाहेर येते. हवेचा झोत माणसाच्या अंगावर मात्र मारू नये. डोळा जाऊ शकतो.

आतापर्यंत वरचे पाहिले. खरे नुकसान आत होते. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढतो. त्यात मीठ मिळाले की फार लवकर चढतो. कोकणात समुद्राकाठच्या गाड्या लवकर सडतात त्या यामुळे. रासायनिक खताची पोती वाहणाऱ्या टेंपोलाही तीच भीती. खत हेही क्षारच आहे.

दार उघडा आणि त्याची खालची कड बोटाने चाचपा. तिथे लहान भोके लागतील. काचेवरून उतरलेले पाणी दाराच्या पोटात जाते आणि या भोकांतून बाहेर पडते. भोके चिखलाने बुजली, की पाणी पोटातच राहते. दार बाहेरून चकचकीत आणि आतून कुजत असते. एक दिवस रंगाला फोड येतो, बोट लावले की आरपार जाते. खराट्याची एक काडी घेऊन भोके मोकळी करावीत. याला एक पैसाही लागत नाही.

पायाखालची रबरी चटई उचलावी. खाली पाणी असतेच. ते टिपून घ्यावे, आणि दारे उघडी टाकून आतला भाग वारा-उन्हाला द्यावा. बाहेरचे अंग सावलीत पुसायचे आणि आतले उन्हात वाळवायचे, हे ध्यानात ठेवा. नाहीतर बैठकीला बुरशी येते आणि पावसाळाभर घाण वास जात नाही.

इंजिनावर पाणी ओतू नये. वायर, प्लग, बॅटरी यांना ओल चालत नाही. ओल्या फडक्याने पुसावे, मग कोरड्याने. मोटारसायकलची साखळी कोरडी करून तिला तेल द्यावे.

आता ब्रेक. हे नीट वाचा. दोनदा वाचा.

आमच्या बाजूला वडाप करणारा एक पोरगा होता. घाटाच्या पायथ्याला ओढ्यात जीप धुवायचा आणि तशीच प्रवासी भरून निघायचा. मी एकदा त्याला म्हटले, "अरे बाळा, ब्रेक वाळू दे की जरा." तो हसला. "गुरुजी, ब्रेक काय कपडं हाईत व्हय, वाळत घालायला?" पुढच्याच उतारावर समोर म्हैस आली. त्याने ब्रेक दाबला. गाडी थांबेना. म्हैस वाचली, जीप मातीच्या बांधावर चढली. आत अकरा माणसे होती. सगळ्यांना खरचटण्यावर निभावले. त्यानंतर तो हसला नाही.

असे का झाले? ब्रेक म्हणजे घासणे. ब्रेकचा लायनर चाकाच्या ड्रमला घासतो म्हणून गाडी थांबते. मध्ये पाणी शिरले, की घासणे कमी होते आणि गाडी घसरत पुढे जाते. ओल्या फरशीवर पाय घसरतो तसेच. यावर उपाय सोपा. गाडी धुतली, की रिकामी, सपाट रस्त्यावर, मागेपुढे कुणी नाही असे पाहून अगदी हळू चालवावी. चालता चालता ब्रेक हलका दाबावा, सोडावा, परत दाबावा. घासण्याने ऊब येते आणि पाणी उडून जाते. ब्रेक पहिल्यासारखा लागतो आहे अशी खात्री झाली, की मगच माणसे बसवावीत. ओढ्यातून, साचलेल्या पाण्यातून गाडी काढली तरी हेच करावे.

ओली गाडी हँडब्रेक ओढून रात्रभर उभी करू नये. लायनर आणि ड्रम गंजाने एकमेकांना चिकटतात आणि सकाळी चाक हलत नाही. आधी ब्रेक वाळवावा. मग सपाट जागा बघावी, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. उतारावर मात्र हँडब्रेक हवाच, तिथे चाक चिकटले तरी परवडले.

एवढे करूनही पांढरे डाग दिसले, तर ताजे असतानाच काढावेत. व्हिनेगर आणि पाणी सारखे घेऊन फडके भिजवावे, डागावर थोडा वेळ धरावे, मग साध्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे. आंबट पदार्थाने चुना विरघळतो. महिनोन्‌महिने राहिलेला डाग रंगात खोल जातो, त्याला मग गॅरेज दाखवावे लागते. कपडे धुवायची पावडर गाडीला लावू नये, तिने रंगाची झळाळी जाते.

फडकी शेवटी साबणाने धुऊन, झटकून दोरीवर वाळत घालावीत. मायक्रोफायबरला इस्त्री करू नये, त्याचा धागा वितळतो. शामॉय उन्हात टाकू नये. आणि गाडी पुसायची फडकी घरच्या भांड्यांच्या फडक्यांत मिसळू देऊ नका. त्यांवर एक खूण करून ठेवा.