पाण्याची पिंपे, पिवळे निशाण आणि हाताशी पिशवी

लातूरकरांना पाण्याचा हिशेब शिकवावा लागत नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेने आलेले पाणी या शहराने प्यायले आहे, आणि शेजारच्या रेणापुरातही घागर, हंडा, पिंप वेगवेगळे भरून ठेवायची सवय घरोघरी आहे. शिडाच्या नावेने लांब पल्ल्याला निघणाऱ्याला पहिल्यांदा लागते ती हीच सवय.

नौदलाचे अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी ५६ फुटी 'म्हादेई' घेऊन मुंबईहून एकटे निघाले आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१ मार्च २०१३ रोजी परतले. या सफरीत पिण्याच्या पाण्यात डिझेल मिसळल्याचे त्यांच्या ध्यानात आले. न थांबण्याची अट असल्याने बंदरात शिरून टाकी भरून घेणे शक्य नव्हते. उरलेले थोडे पाणी पुरवून पुरवून वापरत त्यांनी मुंबई गाठली. म्हणून सगळे पाणी एकाच टाकीत कधी भरू नये. निम्मे तरी बंद कॅनमध्ये, इंधनापासून लांब ठेवावे. शिडावरून ओघळणारे पावसाचे पाणीही धरता येते, पण पहिल्या सरीचे सोडून द्यावे. त्यात शिडावर साचलेले मीठ उतरलेले असते.

याच 'म्हादेई'तून त्याआधी, १९ ऑगस्ट २००९ रोजी, दिलीप दोंदे निघाले होते. मे २०१०मध्ये ते परतले तेव्हा एकट्याने शिडावर जगप्रदक्षिणा केलेले ते पहिले भारतीय ठरले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली ही नाव. मोहिमेची कल्पना लावून धरणारे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी तर समुद्रापासून दूर, फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत. दोंदे चार बंदरांत थांबले: फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन.

त्यांतले न्यूझीलंडचे लिटल्टन मोठा इतिहास असलेले गाव आहे. स्कॉट आणि शॅकल्टन यांच्या अंटार्क्टिक मोहिमा इथूनच दक्षिणेला गेल्या. टेकडीवर १८७६चा एक मनोरा होता. त्यावरचा मोठा गोळा ठरल्या वेळी खाली सोडला जाई आणि ते पाहून बंदरातली जहाजे आपली घड्याळे लावत, कारण घड्याळ चुकले की रेखांश चुकला. २०११च्या भूकंपांत मनोरा कोसळला आणि २०१८मध्ये पुन्हा उभा राहिला. किल्लारीचा भूकंप आठवणाऱ्यांना त्या उभारणीचे मोल वेगळे सांगायला नको.

पण अशा गावात पाऊल ठेवण्याआधी सोपस्कार असतात. परदेशी बंदरात शिरताना पिवळे निशाण चढवायचे आणि आरोग्य, कस्टम, इमिग्रेशनची परवानगी मिळेपर्यंत कोणी उतरायचे नाही. न्यूझीलंड नि ऑस्ट्रेलिया याबाबत फार कडक आहेत. ताजी फळे, भाज्या, मध, बियाणे काढून घेतले जाते. घरून बांधून दिलेला खाऊसुद्धा आधी दाखवावा. नावेच्या बुडाला शेवाळ, शिंपले चिकटलेले असतील तर तेही अडचणीचे. आणि अनोळखी बंदरात रात्री शिरू नये. दमलेल्या माणसाला किनाऱ्यावरचे दिवे फार ओढतात; तरी बाहेर खोल पाण्यात थांबून उजाडू द्यावे.

सप्टेंबर २०१८. एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात वादळाने टॉमींच्या 'थुरिया' या नावेची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला. त्यांना चालता येईना. दुसरा सॅटेलाइट फोन आणि हातातला रेडिओ आणीबाणीच्या पिशवीत नीट भरलेले होते, पण त्या पिशवीपर्यंत त्यांचा हात पोहोचत नव्हता. २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. पिशवी काय भरून ठेवली याइतकेच ती झोपण्याच्या जागेवरून, पडल्या पडल्या, हाताला लागते का हे महत्त्वाचे. निघण्यापूर्वी आडवे पडून हात लांब करून पाहावा. याला मिनिटभरही लागत नाही.

वेळापत्रकातही सैल जागा हवी. दोंदे यांच्या हाताखाली तयार झालेल्या आणि 'तारिणी' या नावेतून जगप्रदक्षिणेला निघालेल्या सहा महिला अधिकाऱ्यांना २०१८मध्ये सुकाणूच्या बिघाडामुळे नियोजनात नसलेल्या मॉरिशसच्या पोर्ट लुईला थांबावे लागले, आणि दुरुस्ती करून त्या २१ मे रोजी गोव्यात पोहोचल्या.

रेणापूरच्या मुलामुलींना शिडाचा दोर पहिल्यांदा हातात घ्यायचा असेल तर मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ पडते. तिथे हुसेनसागरावर यॉट क्लब ऑफ हैदराबाद आहे आणि पावसाळ्यात 'मान्सून रेगाटा' भरते. पंधरा वर्षांपर्यंतची मुले तिथे 'ऑप्टिमिस्ट' या एकट्याच्या छोट्या होडीत बसून वारा ओळखायला शिकतात.