प्रोसेसरची निवड

रत्नागिरीतील एका घरी संगणक घ्यावयाचे ठरले. आंब्याच्या हंगामातून उरलेली रक्कम बेताचीच होती. संगणकाचे सारे हिशेब करणारा भाग म्हणजे प्रोसेसर. दुकानात असे दोन पुढे आले : एक २०१७ साली निघालेला, वापरलेला इंटेल कोअर आय-७ ७७००, दुसरा २०२२ सालचा, स्वस्त पण नवा कोअर आय-३ १२१००.

"बाबा, सातापुढे तीन ते काय!" धाकटा म्हणाला.

ताईने दोघांची माहिती ताडून पाहिली. कोअर, म्हणजे हिशेब करणारे गाभे, दोघांतही चारच होते. परंतु नव्याचा प्रत्येक गाभा तेवढ्याच वेळात अधिक काम उरकतो. सात व तीन हे आकडे त्या त्या पिढीतील पायरी दाखवितात. निरनिराळ्या पिढ्यांची तुलना त्यांवरून होत नाही. शिवाय विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा जुना प्रोसेसर नाही, आणि विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. लिनक्स मात्र त्यावर सुखाने चालते.

प्रोसेसर स्वतः सहसा लवकर बिघडत नाही. बिघडतो तो त्याला धरून ठेवणारा मदरबोर्ड. समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत त्याचे धातूचे सांधे गंजतात. जुन्या प्रोसेसरला बोर्डही त्याच काळचा लागतो. ज्याच्या घरी तसा धडधाकट बोर्ड आहे, त्याने जुना आय-७ खुशाल घ्यावा. या घरी बोर्ड नव्हताच.

"मग नवाच घेऊ," बाबा म्हणाले. "बोर्डाची हमी किती वर्षांची, तेवढे मात्र विचारून घे."