मिनिटाला सोळा हजार फेरे

खाणींच्या काळात गोव्यातल्या साखळी-डिचोलीच्या वर्कशॉपांत आम्ही टिपरच्या पिना आणि बुश कातत वाढलो. २०१२ साली खाणी थांबल्या आणि मी डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत साच्यांच्या कामाला लागलो. हाताखाली लेथऐवजी व्हीएमसी, म्हणजे संगणकानं चालणारी उभी मिलिंग मशीन, आली. तिच्याकडून शिकलेलं थोडं:

१. भरभर कापायचं तर थोडं थोडं कापावं लागतं. लेथवर खोल कट घेतला की मर्दुमकी वाटायची. इथं कटर पोलादाला नुसता चाटून जातो. पहिले काही दिवस मला हे कामचुकारपणाचं वाटे; संध्याकाळी साचा तयार दिसला की तोंड मिटायचं.

२. उष्णता टाळता येत नाही, तिला वाट द्यावी लागते. ठरावीक वेगापलीकडे कापतानाचं तापमान उतरतं, असं कार्ल सालोमन या जर्मन माणसानं १९३१च्या पेटंटात मांडलं. त्यावर पुढं वाद झाले. पण चिप निळी आणि जॉब कोमट, हे मी रोज बघतो; उष्णता चिपबरोबर निघून जाते. कठीण पोलादावर कूलंटही बंद. तापलेल्या कार्बाइडच्या कटरवर ते पडलं की धारेला बारीक तडे जातात. म्हणून नुसती हवा मारायची.

३. केसाएवढंही नसलेलं अंतर महाग पडतं. सहा मिलिमीटरचा कटर मिनिटाला ३०० मीटरच्या वेगानं चालवायचा तर सुमारे १६,००० फेरे. दोन दातांनी प्रत्येकी ०.०५ मिलिमीटर घ्यायचं. डायलवर ०.०२चा रनआउट, म्हणजे कटरचं मध्यापासून ढळणं, असेल तर एक दात ०.०७ ओढतो, दुसरा ०.०३वर भागवतो. आमच्या घरातला दुसरा दात मी, असं बायकोचं म्हणणं आहे.

४. प्रोग्रॅममधला फीड, म्हणजे कटर पुढं सरकण्याचा वेग, ही केवळ इच्छा असते. कंट्रोलर पुढच्या ओळी आधीच वाचून वळणाआधी वेग उतरवतो. मी चारचौघांत ज्या फीडची फुशारकी मारायचो, तो अरुंद खाचेत मशीननं क्वचितच गाठला असेल. कोपऱ्यांना गोलाई दिली, मार्ग सुटसुटीत केला, की आकडा न वाढवताही काम लवकर उरकतं.

५. जुने नियम उलटे होतात, कान मात्र लागतोच. मशीन किंचाळलं की स्पीड उतरव, हे मेस्त्रींनी शिकवलेलं. इथं कधी कधी स्पीड चढवला की ते गप्प होतं. आयटीआयमधून आलेली पोरं हे गणितानं सांगतात, आणि बरोबर सांगतात. मी आधी ऐकतो, मग त्यांना विचारतो.