धावत्या प्रोग्राममध्ये जन्मलेल्या क्लासचे अधिकार



जावाच्या वेब ॲप्लिकेशनमध्ये चालणारा प्रत्येक क्लास कोणीतरी लिहून, कंपाइल करून सर्व्हरवर ठेवलेला असतोच असे नाही. जेएसपी पान पहिल्यांदा मागितले गेले की टॉमकॅटमधला जॅस्पर त्याचा जावा सोर्स तयार करतो, तो कंपाइल करतो आणि वर्क फोल्डरमध्ये ठेवतो. हायबरनेट एंटिटीसाठी प्रॉक्सी क्लास बनवते, स्प्रिंग ट्रान्झॅक्शनसाठी सर्व्हिसच्या क्लासचा उपक्लास तयार करते, ग्रूव्हीची स्क्रिप्ट तर मेमरीतच क्लास होते. कोणाच्याही हातून न लिहिलेल्या या क्लासला फाइल वाचण्याचा, नेटवर्कवर जोडणी करण्याचा, दुसरी प्रोसेस सुरू करण्याचा अधिकार असावा का? या क्षेत्रात नव्याने आलेल्याने फ्रेमवर्क शिकतानाच हा प्रश्न विचारायला लागावे. फ्रेमवर्क आपणहून त्याचे उत्तर समोर ठेवत नाही.

जेडीके 1.2 मध्ये, म्हणजे 1998 साली, जावाने या प्रश्नाला एक नेमकी चौकट दिली. क्लास कोणत्या पत्त्यावरून आला आणि त्यावर कोणाची सही आहे, ही त्याची कोडसोर्स. कोडसोर्स आणि तिला मिळालेल्या परवानग्या मिळून प्रोटेक्शन डोमेन होते. कोणत्या पत्त्याला काय मुभा आहे हे पॉलिसी फाइल सांगते. डिस्कवरच्या जारला पत्ता असतो, त्यामुळे तिथे गुंता नाही. मेमरीत तयार झालेल्या बाइटकोडला मात्र पत्ताच नसतो. क्लासलोडरच्या डिफाइनक्लास मेथडला बाइट्ससोबत प्रोटेक्शन डोमेन दिले नाही, तर तो क्लास पत्ता नसलेल्या डिफॉल्ट डोमेनमध्ये जातो आणि पॉलिसी फाइलने सरसकट सगळ्यांना दिलेली किरकोळ मुभा तेवढी त्याच्या वाट्याला येते.

याचा परिणाम दिसतो भलत्याच ठिकाणी. या परवानग्या अमलात आणणारा सिक्युरिटी मॅनेजर चालू असताना एखादी परवानगी तपासायची वेळ आली की ॲक्सेसकंट्रोलर पूर्ण कॉलस्टॅक पाहतो. स्टॅकवरच्या प्रत्येक डोमेनकडे ती परवानगी असावी लागते, एकाकडे नसली तरी नकार येतो. सर्व्हलेटला फाइल वाचायची मुभा आहे, लायब्ररीलाही आहे, तरीही ॲक्सेसकंट्रोलएक्सेप्शन येते, कारण दोघांच्या मध्ये सीजीलिबने तयार केलेला, नावात दोन डॉलरची चिन्हे असलेला क्लास उभा असतो. अशा वेळी अंदाजाने पॉलिसी फाइलमध्ये ओळी वाढवू नयेत. जावाच्या सिक्युरिटी डीबगचा पर्याय ‘ॲक्सेस, फेल्युअर’ असा चालू करून कोणते डोमेन नापास झाले ते आधी वाचावे. तिथे पत्त्याच्या जागी ‘नल’ दिसले, की तो क्लास कोणीतरी डोमेन न देता तयार केला आहे हे समजावे.

सर्वाधिक नुकसान होते ते इथेच. काम अडलेले, मुदत जवळ आलेली, आणि पॉलिसी फाइलमध्ये कोडबेस न लिहिता ऑलपरमिशन दिले की एक्सेप्शन नाहीसे होते. पत्ता न लिहिलेली अशी मुभा प्रत्येक क्लासला लागू होते, उद्या कोणी बाहेरून घुसवलेल्या क्लासलाही. ॲक्सेसकंट्रोलरच्या डूप्रिव्हिलेज्ड मेथडचा वापरही याच सावधगिरीने करावा. तपासणी ती मेथड बोलावणाऱ्या क्लासपाशी थांबते, त्याच्या मागचे कॉलर पाहिलेच जात नाहीत. म्हणून त्या ब्लॉकमध्ये बाहेरून आलेले फाइलचे नाव किंवा यूआरएल जाऊ देऊ नये.

योग्य डोमेन ठरवण्याची कसोटी एकच: बाइटकोडमधला मजकूर ज्याच्या हातून आला, त्याच्यापेक्षा जास्त अधिकार त्या क्लासला असू नयेत. जावाच्या स्वतःच्या डायनॅमिक प्रॉक्सीला सिस्टीम क्लासांचेच डोमेन मिळते, म्हणजे सहसा सगळे अधिकार. हे धोक्याचे वाटेल, पण प्रॉक्सीचा कोड विश्वासू सिस्टीमने लिहिलेला असतो आणि तो आलेला कॉल हँडलरकडे सोपवण्यापलीकडे काही करत नाही. हँडलरचे डोमेन स्टॅकवर असतेच. टॉमकॅटने जेएसपीसाठी वेगळा मार्ग घेतला. पान वेब ॲप्लिकेशनच्या लेखकाचे, म्हणून त्याच्या क्लासला त्या ॲप्लिकेशनच्या मूळ फोल्डरचा पत्ता जोडला जातो आणि पॉलिसी फाइलमध्ये त्या फोल्डरला दिलेली मुभा पानांनाही मिळते. ग्रूव्हीशेल स्क्रिप्टला ‘/ग्रूव्ही/शेल’ असा काल्पनिक पत्ता देतो. त्या पत्त्यावर फाइल नसते, पण पॉलिसीत वेगळी नोंद करायला तो पुरतो, आणि ही युक्ती आपल्या क्लासलोडरमध्येही वापरण्यासारखी आहे. जावा 9 पासून लुकअपच्या डिफाइनक्लासने आणि जावा 15 पासून हिडन क्लासने हा निर्णय बराच सोपा केला. नवा क्लास लुकअप देणाऱ्या क्लासच्याच डोमेनमध्ये जन्मतो, विसरायला जागा उरत नाही.

ही सगळी यंत्रणा आता मावळली आहे. जावा 17 ने 2021 मध्ये सिक्युरिटी मॅनेजर काढून टाकण्याच्या यादीत घातला, मार्च 2025 च्या जेडीके 24 मध्ये तो कायमचा बंद झाला, आणि टॉमकॅट 11 मध्ये त्याचा आधारच नाही. पण क्लास धावत्या प्रोग्राममध्ये जन्मणे थांबलेले नाही. फरक इतकाच की आता प्रत्येक नवा क्लास प्रोसेसचे पूर्ण अधिकार घेऊन येतो.

मार्च 2022 मधला स्प्रिंगफोरशेल हल्ला नव्या प्रोग्रामरने बारकाईने अभ्यासावा. स्प्रिंग रिक्वेस्टमधले पॅरामीटर ऑब्जेक्टच्या गुणांमध्ये भरत होते. जावा 9 मध्ये क्लासवरून मॉड्यूलकडे जाणारी वाट उघडली, त्या वाटेने हल्लेखोर क्लासलोडरपर्यंत आणि तिथून टॉमकॅटच्या ॲक्सेस लॉगच्या सेटिंगपर्यंत पोहोचला. लॉगचे फोल्डर बदलून वेब ॲप्लिकेशनचे केले, फाइलचा शेवट ‘.जेएसपी’ केला, लॉगच्या नमुन्यात जावा कोड घातला. लॉगने फाइल लिहिली, हल्लेखोराने ती ब्राउझरमधून मागितली आणि जॅस्परने इमानेइतबारे कंपाइल केली. स्प्रिंग 5.3.18 आणि 5.2.20 मध्ये ती वाट बंद झाली. पण सर्व्हरच्या खात्याला त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभाच नसती, तर तिथे ती फाइल उमटली नसती.

तेव्हा टॉमकॅट रूट खात्यावर चालवू नये आणि वेबॲप्स फोल्डर त्याला फक्त वाचण्यापुरते खुले ठेवावे. जेएसपी बिल्डच्या वेळीच कंपाइल करावी आणि शक्य असेल तिथे प्रॉडक्शनवरचा जेएसपी सर्व्हलेट काढून टाकावा. केवळ डेव्हलपमेंट मोड बंद करून भागत नाही. त्याने जुन्या पानांची फेरतपासणी थांबते, नवे पान पहिल्या मागणीला कंपाइल होतच राहते. बाहेर जाणाऱ्या नेटवर्क जोडण्या लागतील तेवढ्याच ठेवाव्यात. आणि जिथे वापरकर्त्याला स्वतःची ग्रूव्ही स्क्रिप्ट लिहू द्यायची आहे, तिथे एकाच जेव्हीएममध्ये कुंपण घालण्याचा प्रयत्न सोडून द्यावा: ती स्क्रिप्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये, कमी अधिकारांच्या खात्यावर, डेटाबेसचा पासवर्ड जिथे नाही अशा कंटेनरमध्ये चालवावी.